पाचगणीची हवा आणि कारखान्याची माणसे

पाचगणीला लोक हवेसाठी जातात, ही गोष्ट काही नवी नाही. जॉन चेसन या इंग्रज साहेबाने एकोणिसाव्या शतकात येथे वस्ती वसवली ती हवेसाठीच. १९१२ साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले, तेही या हवेच्याच भरवशावर. निवासी शाळांनीही हिचाच आसरा घेतला. परंतु गेली पन्नासहून अधिक वर्षे या गावी आणखी एका जातीचे पाहुणे येत आहेत. त्यांची छाती ठणठणीत असते. दुखणे असते ते कारखान्याचे!

हे पाहुणे उतरतात ‘एशिया प्लेटो’ या केंद्रात. फ्रँक बुकमन या अमेरिकन धर्मोपदेशकाने १९३८ साली लंडनमध्ये ‘मॉरल री-आर्मामेंट’ म्हणजे नैतिक पुनःशस्त्रीकरणाची चळवळ सुरू केली. जग तोफा जमवत होते, तेव्हा हा गृहस्थ म्हणत होता, की शस्त्रसज्ज व्हायचे तर मनाने व्हा. महात्मा गांधी आणि राजाजी या दोघांचेही नातू असलेले राजमोहन गांधी यांनी ही चळवळ आपल्याकडे रुजवली आणि १९६८ साली पाचगणीच्या माळावर हे केंद्र उभे राहिले. २००१ साली चळवळीचे नाव ‘इनिशिएटिव्हज ऑफ चेंज’ असे झाले; मूळ विचार मात्र तोच राहिला. जग बदलायचे असेल, तर आरंभ स्वतःपासून करा.

येथे उद्योगधंद्यांतील माणसांसाठी शिबिरे भरतात. साहेब आणि कामगार एकाच पंगतीला बसतात. वाढण्याची आणि ताटे विसळण्याची पाळीही येते. सकाळी काही वेळ सर्वांनी गप्प बसायचे, मनात येईल ते वहीत उतरवायचे आणि प्रामाणिकपणा, शुचिता, निःस्वार्थ वृत्ती व प्रेम या चार कसोट्यांवर ते घासून पाहायचे. औषध एवढेच! वाचक म्हणतील, यात नवे ते काय? आमच्या आजोबांची रोजनिशी आणि संध्याकाळचे शुभंकरोती याहून निराळे काय होते? खरे आहे. पण आजोबांच्या हाताखाली हजार माणसे नव्हती.

मी मराठीचा मास्तर. कारखान्याचे यंत्र मला कळत नाही, शब्द थोडेफार कळतात. तेव्हा शब्दांचीच साक्ष काढतो. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी माणूस घ्यायचा तो जॉबर. त्याला दस्तुरी द्यावी, तेव्हा साच्यावर उभे राहायला मिळावे. आपल्या सातारा-रत्नागिरीकडची कितीतरी पोरे गावच्या ओळखीने अशीच गिरणीत चिकटली. ज्याला कायम जागा नाही तो ‘बदली’. माणसाचे नावच बदली! जॉबरची ही सत्ता मोडण्याचे प्रयत्न झाले. १९३४ साली मुंबई सरकारने लेबर ऑफिसर नेमला, १९३५ साली बदली कामगारांच्या भरतीला शिस्त लावण्याची योजना आली, आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे वा अधिक कामगार असतील तेथे कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. पुढे ‘पर्सोनेल’ खाते आले. मग ‘मानव संसाधन’ हा शब्द आला. १९८५ साली दिल्लीत शिक्षणखात्यालाही हेच नाव मिळाले आणि २०२० साली ते पुन्हा शिक्षण मंत्रालय झाले.

जॉबरपेक्षा अधिकारी बरा, यात शंका नाही. पण ‘संसाधन’ शब्दापाशी माझी लेखणी अडखळते. कोळसा संसाधन आहे, पाणी संसाधन आहे. ते वापरायचे आणि संपले की दुसरे शोधायचे. माणसाला त्या ओळीत बसवले, की त्याच्याशी बोलण्याची गरज उरत नाही. फक्त हिशेब उरतो.

पाचगणीचा घाट उतरून सांगलीकडे गेले, की याच्या नेमके उलट उदाहरण भेटते. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. शिक्षण अर्धवट सुटलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक इंजिनियर ठरले. कारकून म्हणून आलेल्या मंगेशराव रेग्यांनी हिशेबाबरोबर माणसेही सांभाळली. ज्याच्यावर दरोडेखोरीचा शिक्का होता, त्या तुकाराम रामोशाच्या हाती वाडीची राखण दिली! १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचे पत्रक सुरू केले. त्यातूनच पुढे मराठीतले एक नामांकित मासिक उभे राहिले. लक्ष्मणरावांनी माणूस आधी पाहिला, त्याचे काम मागाहून ठरवले.

अशी दृष्टी असली म्हणजे सगळे साधते का? तसेही म्हणवत नाही. माझा एक जुना विद्यार्थी एका कारखान्यात मनुष्यबळ अधिकारी आहे. कारखान्याचे नाव सांगत नाही. गेल्या वर्षी तो घरी आला. चहा निवला तरी कप तसाच होता.

“सर,” तो म्हणाला, “नवी यंत्रे आली. चाळीस जणांची यादी करायचे काम माझ्याकडे आले. त्याच आठवड्यात ‘बदलाला सामोरे जा’ या विषयावर व्याख्यानही मीच ठेवायचे!”

“मग?”

“ठेवले. शेवटच्या बाकावरचे एक काका उठून म्हणाले, ‘साहेब, आम्ही बदलू हो. पण कंपनी काय बदलणार, तेवढे सांगा.’”

त्या काकांच्या प्रश्नातच सारा विषय आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढे गिरण्या मिटल्या, कितीएक कुटुंबे गावी परतली. तेथे नुसत्या मौनाने भागले असते, असे कोण म्हणेल? मन शुद्ध करण्याचा उपदेश फक्त खालच्या पायरीवरच्या माणसाला केला, तर ते त्याच्या तोंडाला लावलेले कुलूपच होय. पगार, नोकरीची शाश्वती, संघटनेचा हक्क हे प्रश्न वहीत सुटत नाहीत. ते टेबलासमोर बसूनच सोडवावे लागतात.

तरीही पाचगणीच्या त्या प्रयोगाला मी हसणार नाही. टेबलासमोर बसणारी माणसेच असतात. समोरच्याचा शब्द खरा मानावा असे दोन्ही बाजूंना वाटलेच नाही, तर उत्तम करारही कागदच राहतो. म्हणून शिबिराला पहिल्यांदा धाडावे ते वरच्या मजल्यावरच्यांना. ज्याच्या हातात यादी आहे, त्याने ती करण्याआधी घटकाभर गप्प बसावे आणि त्या चाळीस नावांमागची चाळीस घरे डोळ्यांसमोर आणावीत. पर्याय आहे का, दुसरे काम शिकवता येईल का, हे त्यांनाच विचारावे. माझ्या विद्यार्थ्याने निदान हे केले. चाळीसपैकी अकरा जणांना तो दुसऱ्या खात्यात सामावून घेऊ शकला. एकोणतीस जण गेलेच. हे सांगताना त्याने दोन्ही आकडे सांगितले, आणि मला वाटते, त्याच्या धंद्यातला खरा प्रामाणिकपणा तोच.