आक्रमण घडविणारा प्रशिक्षक

लडाख आणि हिमाचल प्रदेशाचा काही भाग सोडला, तर आइस हॉकी हा खेळ आपल्याकडे दूरचित्रवाणीच्या पडद्यावरच दिसतो. परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्याच्या परिसरात वाढणाऱ्या मुलाला तर बर्फावर खेळ होतो हेच नवल वाटेल. तरीही या खेळातील एक व्यवस्था त्या मुलाच्या मैदानावरील खेळाशी, म्हणजे खो-खोशी, ताडून पाहण्याजोगी आहे. ती व्यवस्था म्हणजे आक्रमणाचा स्वतंत्र प्रशिक्षक.

आइस हॉकीत गोलरक्षकासह सहा खेळाडू बर्फावर असतात. आघाडीचे तिघे साधारण पाऊण मिनिट जिवाच्या आकांताने खेळतात आणि खेळ चालू असतानाच बाहेर येतात; त्यांच्या जागी दुसरे तिघे उतरतात. प्रतिस्पर्ध्याचा एखादा खेळाडू शिक्षा म्हणून दोन मिनिटांसाठी बाहेर गेला, की एका माणसाचे आधिक्य मिळते. या ‘पॉवर प्ले’मध्ये कोणी कोठे उभे राहायचे, रबराची चकती कोणाकडून कोणाकडे जायची, याची आखणी मोठ्या व्यावसायिक संघांत मुख्य प्रशिक्षकाचा एखादा साहाय्यक करतो. या खेळाच्या नोंदवहीत गोल करणाऱ्याबरोबरच त्याच्याआधी चकती पुढे देणाऱ्या जास्तीत जास्त दोघांच्या नावावरही श्रेय जमा होते. गोल एकाने केला, पण तो घडविला तिघांनी, ही गोष्ट तेथे आकड्यांत मान्य झालेली आहे.

आता खो-खोकडे वळू. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 मध्ये या खेळाचे नियम बांधले, असे मानले जाते. आक्रमण करणाऱ्या संघाचे आठ गडी मधल्या पाटीवरील चौरसांत एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. संरक्षण करणारे तिघातिघांच्या तुकड्यांनी मैदानात येतात. एका पाळीला मिळतात नऊ मिनिटे, म्हणजे 540 सेकंद. एवढ्यात नऊ गडी टिपायचे, तर प्रत्येकासाठी 60 सेकंद हाती राहतात.

पाठलाग करणारा कितीही वेगवान असला, तरी नियमांनी त्याचे हातपाय बांधलेले असतात. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही. एकदा दिशा घेतली, की खांबापर्यंत मागे वळता येत नाही. पळणारा मात्र बसलेल्या दोघांमधून सहज पलीकडे सटकतो. अशा वेळी एकच उपाय उरतो, तो म्हणजे खो. पण तो कोणाला द्यायचा? खो पाठीमागून द्यावा लागतो. त्यामुळे बसलेल्या आठांपैकी ज्यांची पाठ आपल्याकडे आहे, ते चौघेच उपयोगाचे. त्यांतून जे मागे पडले, ते हिशेबातून गेले. प्रत्येक पावलागणिक पर्याय घटत जातात. उतावळेपणाने दिलेला खो पळणाऱ्याच्या पथ्यावर पडतो आणि उशिरा दिलेला पंचांच्या शिट्टीला निमंत्रण देतो. आक्रमणाचे खरे शास्त्र या एका क्षणात आहे, आणि प्रशिक्षकाचे कामही तेथेच सुरू होते.

पहिला प्रश्न बैठकीचा. खांबालगतच्या चौरसात लांब हाताचा, सूर मारण्यात तरबेज गडी हवा. मधल्या चौरसांत खो मिळताच क्षणात उठणारे हवेत. समोरचा संरक्षक एकेरी साखळीने वळणे घेत पळणारा आहे, की मैदानाच्या एका टोकाला गोल फिरून वेळ काढणारा, यावर बैठक बदलावी लागते. गोल फिरणाऱ्यापुढे त्या टोकाचे गडीच कामाला येतात. कसलेले आक्रमक तेथे चिकटून बसलेले असतील, तर त्याचा दम लवकर सुटतो. साखळीने पळणाऱ्याला नुसते मागे धावून गाठता येत नाही. आखूड आणि झटपट खो देत त्याची लय मोडावी लागते, आणि मग त्याला खांबाकडे रेटावे लागते. हुलकावणीची कलाही शिकवावी लागते. खांद्याची एक हालचाल, खो देणार असल्याचा भास, आणि पळणारा चुकीच्या बाजूला झुकतो.

हे सारे एकाच माणसाने शिकवायचे, वर संरक्षणाची तयारीही त्यानेच करून घ्यायची, अशी आपल्या बहुतेक शाळा-मंडळांची स्थिती आहे. क्रीडाशिक्षक एकच आणि संध्याकाळचा तास-दीड तास. मग स्वाभाविकपणे संरक्षणाला झुकते माप मिळते, कारण ते मोजता येते. अमक्याने 2 मिनिटे 10 सेकंद पळती केली, ही बातमी होते. आक्रमणात ‘चार गडी बाद’ एवढेच छापून येते. गुणपत्रकातही गडी कोणी, किती वेळात आणि कोणत्या पद्धतीने टिपला याची नोंद असते. पळणाऱ्याला कोंडीत आणणारा आधीचा खो कोणाचा होता, याला रकानाच नाही.

ही त्रुटी किरकोळ नव्हे. निवड चाचणीत उंच सूर मारणारा मुलगा नजरेत भरतो. अचूक खो देऊन त्याच्या पुढ्यात गडी आणून ठेवणारा घरी जातो. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. त्यासाठी लागणारी पदके पुढच्या स्पर्धांत मिळतात, पण त्या वाटेची पहिली पायरी म्हणजे जिल्हा संघातील जागा. ग्रामीण भागातील मुलाच्या दृष्टीने त्या जागेची किंमत केवळ मानाची नसते.

व्यावसायिक स्पर्धांनी चित्र थोडे बदलले आहे. 2022 मध्ये पुण्याच्या बालेवाडीत झालेल्या ‘अल्टिमेट खो खो’च्या पहिल्या हंगामात ‘वजीर’ आणि ‘पॉवर प्ले’ आले. वजिराला कोणत्याही दिशेने धावण्याची मुभा होती. त्याला केव्हा उठवायचे आणि केव्हा राखून ठेवायचे, हा निव्वळ डावपेचाचा प्रश्न झाला. त्या हंगामाच्या अंतिम सामन्यात ओडिशा जगरनट्सने तेलुगु योद्धाजला 46-45 असे हरविले, ते अखेरच्या सेकंदांत सूरज लांडे याने मारलेल्या सुरामुळे. तो सूर सर्वांच्या लक्षात राहिला. पुढे जानेवारी 2025 मध्ये दिल्लीतील पहिल्या विश्वचषकात भारताच्या पुरुषांनी नेपाळवर 54-36, तर महिलांनी 78-40 असा विजय मिळविला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते.

प्रत्येक शाळेला दुसरा प्रशिक्षक परवडणार नाही, हे उघड आहे. तो खर्च टाळूनही काही करता येईल. सराव सामन्यात बाहेर बसलेल्या एखाद्या खेळाडूच्या हाती वही द्यावी आणि प्रत्येक बाद गड्यापूर्वीचे शेवटचे दोन खो कोणी दिले, एवढेच टिपायला सांगावे. महिनाभरात त्या वहीत काही अनपेक्षित नावे वारंवार दिसू लागतील. चाचणीच्या दिवशी ती वही निवड समितीपुढे ठेवण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.