नवे इंजिन कसे रुळवाल?

नवी कोरी चप्पल पहिल्या दिवशी चावते. चार दिवस थोडी थोडी वापरली की पायाला रुळते. छोट्या विमानाचे नवे इंजिनही असेच रुळवावे लागते.

एन.सी.सी.च्या हवाई शाखेत असाल, तर दोरीला बांधून गोल गोल उडवायचे छोटे विमान तुम्ही पाहिले असेल. त्याच्या नाकावरील अडीच घन सेंटिमीटरचे इंजिन मिनिटाला १२,००० फेरे सहज घेते. म्हणजे त्यातील दट्ट्या सेकंदाला २०० वेळा वर-खाली होतो! पैसे साठवून घेतलेले असे इंजिन पहिल्या अर्ध्या तासातच कायमचे बिघडू शकते. ते कसे, ते पाहू.

याचे इंधन मुख्यतः मिथेनॉल. त्यात साधारण पाचवा हिस्सा वंगण, म्हणजे बहुधा आपले एरंडेल तेल, मिसळलेले असते. ठिणगीऐवजी येथे ग्लो प्लगमधील प्लॅटिनमयुक्त तार काम करते. ती प्रथम बॅटरीने तापवतात. पुढे बॅटरी काढली तरी प्लॅटिनमच्या उत्प्रेरक क्रियेमुळे आणि ज्वलनाच्या उष्णतेमुळे ती तापलेलीच राहते.

आता जुन्या पद्धतीचे इंजिन घ्या. यात पोलादी सिलिंडरमध्ये बिडाचा दट्ट्या असतो. डोळ्यांना गुळगुळीत दिसणाऱ्या त्यांच्या पृष्ठभागांवर सूक्ष्म उंचवटे असतात. ते एकमेकांवर घासतात, उष्णता निर्माण होते, दट्ट्या फुगतो. दट्ट्या फुगला की घर्षण आणखी वाढते, आणि शेवटी तो अडकून बसतो! म्हणून इंधनाची सुई जास्त उघडी ठेवतात. जादा मिथेनॉल बाष्प होताना उष्णता शोषून घेते आणि जादा एरंडेलही आत जाते. इंजिन जड, घोगऱ्या आवाजात चालते. एक-दोन मिनिटे चालवायचे, पूर्ण थंड होऊ द्यायचे, पुन्हा चालवायचे. असे करता करता उंचवटे झिजून पृष्ठभाग एकमेकांशी जुळतात.

मग हाच नियम सगळ्या इंजिनांना लावावा का? थांबा! येथेच पुष्कळजण फसतात.

‘ए.बी.सी.’ जातीच्या इंजिनात दट्ट्या सिलिकॉनयुक्त ॲल्युमिनियमचा आणि आतील नळी क्रोमचा मुलामा दिलेल्या पितळेची असते. ही नळी वरच्या टोकाला मुद्दाम किंचित अरुंद केलेली असते. थंड असताना पंखा हाताने फिरवला, तर दट्ट्या वर जाऊन घट्ट अडकल्यासारखा वाटतो. हा दोष नव्हे! इंजिन तापले की नळीचा वरचा, अधिक तापणारा भाग अधिक प्रसरण पावतो आणि दट्ट्याला नेमकी वाट मिळते. घट्ट बसलेले बरणीचे पत्र्याचे झाकण गरम पाण्यात धरल्यावर सैल होते ना? तसेच हे.

आता असे इंजिन ‘सावकाश, थंडपणे’ चालवले तर? नळी फुगतच नाही. दट्ट्या सेकंदाला शेकडो वेळा त्या अरुंद जागेत जबरदस्तीने घुसतो. नेमकी बसणी झिजते, दट्ट्याच्या दांड्यावरही ताण येतो. काळजी घेता घेताच नुकसान होते! म्हणून सुरू झाल्यावर लवकरच सुई थोडी बंद करून ते चांगले तापू द्यावे. मात्र सुई अगदी टोकापर्यंत बंद करू नये. प्रत्येक फेरी थोडाच वेळ असावी, आणि थांबल्यावर दट्ट्या खाली आणून ठेवावा. नाही तर निवताना नळी त्याला आवळून धरते.

हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली, मोकळ्या जागी करा. इंजिन जाड फळीवर स्क्रूने पक्के बसवा. पंखा बोटाने नव्हे, काठीने फिरवा आणि फिरत्या पंख्याच्या समोर किंवा बाजूला उभे राहू नका. मिथेनॉल विषारी आहे, आणि त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसतही नाही.

तेव्हा नवे इंजिन हाती आले, की आधी त्याचे माहितीपत्रक वाचा आणि स्वतःला विचारा : दट्ट्या कशाचा, नळी कशाची, आणि तापल्यावर कोण किती फुगणार? उत्तर सापडले, की इंजिन कसे रुळवायचे हे तुम्हीच दुसऱ्यांना सांगाल.