मूल पीत नसताना स्तनातून स्राव

अंगावर पिणारे मूल नसताना पोलक्याला डाग दिसला की बाई मनातून हादरते, पण लाजेपोटी बोलत नाही. असा प्रत्येक स्राव कर्करोगाचा नसतो. दोन्ही स्तनांतून दुधासारखा स्राव येत असेल तर चालू असलेली औषधे आठवावीत. पित्ताच्या, उलटीच्या गोळ्यांत पुष्कळदा डॉमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असते. त्याने प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढून दूध येते, पाळीही लांबते. मानसिक आजाराच्या काही औषधांनीही असे होते. मात्र ती आपल्या मनाने बंद करू नयेत. गरोदरपण, थायरॉईडची कमतरता, क्वचित मेंदूतील पीयूषिका ग्रंथीची गाठ हीही कारणे असतात. रक्त तपासल्यावर उलगडा होतो. चाळिशीनंतरचा हिरवट, चिकट स्राव बहुधा दुग्धनलिका रुंदावल्याने येतो.

एकाच स्तनातून, न दाबता, रक्तासारखा किंवा पाण्यासारखा स्राव आला तर मात्र दिवस घालवू नयेत. अनेकदा नलिकेत चामखिळीसारखी साधी वाढ निघते. पण कर्करोग नाही ही खात्री सोनोग्राफी, मॅमोग्राफी, गरज पडल्यास तुकडा तपासूनच होते. स्तनाग्र पुनःपुन्हा दाबून पाहू नये, त्यानेही स्राव चालू राहतो. दवाखान्यात जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत.