भूकंपाच्या नोंदी आणि संगणकीय सहायक

मध्यरात्री कल्याणमधील एखाद्या उंच इमारतीत पलंग हलल्यासारखा वाटतो, तावदाने वाजतात आणि घरातील माणसे जिन्याकडे धावतात. पूर्वी अशा वेळी शेजाऱ्यांना विचारावे किंवा पोलीस चौकीस दूरध्वनी करावा, असा प्रघात होता. आता हातातील मोबाईलवर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकास विचारले जाते : 'कल्याणला भूकंप झाला काय?' हा सहायक उत्तर कशाच्या आधारे देतो, हे लोकांना धीर देण्याची जबाबदारी ज्यांच्यावर येते त्या अधिकाऱ्यांनी, शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

साधन व त्याचे माहितीपत्रक

भूकंपमापन केंद्रांच्या नोंदींवरून भूकंपांच्या सूची तयार होतात. आपल्या देशात हे कार्य राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र करते. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची जागतिक सूचीही सर्वांस खुली आहे. अशा सूचीत शोध घेण्यासाठी सहायकाच्या हाती एक साधन दिलेले असते. ठिकाण, अंतर, कालावधी आणि भूकंपाची किमान महत्ता त्यास पुरविली की ते जुळणाऱ्या नोंदी परत करते. मात्र साधनाची अंतर्गत रचना सहायकास सहसा दिसत नाही. त्याच्यापुढे असते ते केवळ लेखी माहितीपत्रक. नव्याने रुजू झालेल्या लिपिकाने कार्यपुस्तिका वाचून दप्तर हाताळावे, तसाच हा प्रकार होय. पत्रकात जे लिहावयाचे राहिले, ते अंदाजाने भरून काढले जाते, आणि चूक नेमकी तेथे होते.

तारीख आणि वेळ

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी आणि सुमारे दहा हजार माणसांचा बळी घेणारा किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी झाला. दोन्ही वेळा पहाटेच्या होत्या. जागतिक सूची मात्र भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेनुसार ठेवली जाते. त्यामुळे तीत या भूकंपांच्या तारखा १० डिसेंबर आणि २९ सप्टेंबर अशा आहेत. सहायकाने जागतिक वेळेचा ३० सप्टेंबर हा एकच दिवस शोधला, तर किल्लारीचा मुख्य धक्का त्यास सापडणारच नाही. शिवाय अमेरिकी सूचीत आरंभीची तारीख न दिल्यास केवळ गेल्या ३० दिवसांतील नोंदी मिळतात. हे नमूद नसेल, तर महाराष्ट्राच्या भूकंपांचा सारा इतिहासच वगळला जाईल.

स्थळ आणि अंतर

कल्याणचे अक्षांश सुमारे १९.२४ उत्तर व रेखांश ७३.१३ पूर्व आहेत. संगणकीय नोंदींच्या एका प्रचलित पद्धतीत रेखांश आधी लिहितात. हे आकडे उलटसुलट झाले, तर कल्याणऐवजी नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात शोध घेतला जातो. साधन कोणतीही तक्रार करीत नाही. 'नोंद नाही' एवढेच सांगते. अंतराचेही तसेच. डहाणू-तलासरीचा परिसर कल्याणपासून सुमारे १०० किलोमीटरवर, तर कोयना २०० किलोमीटरहून दूर आहे. शोधाचे वर्तुळ लहान ठेवल्यास मुंबईपर्यंत जाणवलेला १९६७ चा धक्काही त्याबाहेर राहतो.

महत्तेचा आकडा

वृत्तपत्रे जिला रिश्टर मापनावरील तीव्रता म्हणतात, तीच भूकंपाची महत्ता. ती निरनिराळ्या पद्धतींनी मोजली जाते. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपाची महत्ता भारतीय हवामान विभागाने ६.९, तर अमेरिकी संस्थेने ७.७ दिली होती. आकड्यासोबत मापनपद्धती व नोंद देणारी संस्था सांगितली नाही, तर वाचकाचा दोहोंवरचा विश्वास उडतो. तसेच पहिला आकडा बहुधा यंत्राने आपोआप काढलेला असतो. तज्ज्ञांच्या तपासणीनंतर तो बदलू शकतो.

'नोंद नाही' याचा अर्थ

नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांत लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि अनेक कुटुंबांनी भीतीने रात्री घराबाहेर काढल्या. असे लहान धक्के पुष्कळदा जागतिक सूचीत येत नाहीत. अशा रात्री सहायकाने 'भूकंप झालाच नाही' असे सांगणे घातक ठरेल. 'या सूचीत अद्याप नोंद नाही. राष्ट्रीय केंद्राची नोंद पाहावी', हे उत्तर खरे. म्हणून सूचीची मर्यादा माहितीपत्रकात ठळकपणे लिहिली पाहिजे. त्याचबरोबर हेही लिहावे की, सूची घडून गेलेले सांगते; उद्याचा भूकंप कोणतेही साधन सांगू शकत नाही.

तेव्हा मोबाईलवरील उत्तर गावात वाचून दाखविण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात : नोंद कोणत्या संस्थेची, वेळ भारतीय की जागतिक, शोध किती अंतरापर्यंतचा आणि आकडा तपासलेला आहे काय. या चार प्रश्नांची उत्तरे ज्या साधनाच्या माहितीपत्रकात आहेत, त्यावर विसंबता येईल. संकटाच्या रात्री अफवा थोपविण्याचे काम अखेर माणसालाच करावयाचे असते. साधनाने त्यास खरी माहिती पुरवावी, एवढीच अपेक्षा.