बडोद्याची अभ्यास सहल: शेतीचं धोरण नेमकं कुठं ठरतं?

नंदुरबार, धुळ्याकडच्या कृषी विद्यार्थ्यांना अभ्यास सहलीसाठी बडोदा-आणंद सोयीचं. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिथं गाडीत बसलं की सुरतमार्गे बडोदा. लक्ष्मी विलास पॅलेस, सयाजीबाग, दुसऱ्या दिवशी अमूल, आणि परत. पाहायला हरकत काहीच नाही. पण सहलीच्या अर्जावर 'कृषी धोरण संस्थांचा अभ्यास' असं लिहायचं असेल, तर पाहण्यासारखं आणखी बरंच आहे.

सुरुवात बडोद्यातच करता येते. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याहून दत्तक गेलेल्या सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात, 1889 साली, विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांच्या पुढाकारानं 'अन्योन्य सहायकारी मंडळी' उभी राहिली. देशातल्या सहकारी पतसंस्थांची सुरुवात तिच्यापासून मानतात. सहकाराचा कायदा त्यानंतर 15 वर्षांनी, 1904 मध्ये आला. मंडळी शेतकऱ्यांची नव्हती, शहरातल्या मध्यमवर्गाची होती, हेही विद्यार्थ्यांना सांगायला हवं. त्याच वर्षी बडोदा कॉलेजात थॉमस मिडलटन शेतीशास्त्र शिकवायला आले. पुढं 1926 च्या शाही कृषी आयोगावर ते सदस्य होते.

बडोद्याहून आणंद साधारण 40 किलोमीटर. 1946 चा खेडा जिल्हा दूध संघ म्हणजे अमूल, 1965 चं राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ आणि 1979 ची 'इरमा' ही ग्रामीण व्यवस्थापन संस्था, सगळं एकाच गावात. 'इरमा'चं 2025 मध्ये त्रिभुवन सहकारी विद्यापीठ झालं. इथं शिकण्याची गोष्ट एकच: दुधाचा खरेदीदर संघ ठरवतो, आणि संघाचं संचालक मंडळ गावोगावच्या दूध उत्पादकांच्या संस्थांतून निवडून येतं. दर पटला नाही तर जाब विचारायला माणूस जवळ असतो.

कापूस-तुरीचं तसं नाही. त्यांच्या हमीभावाची शिफारस दिल्लीतला कृषी खर्च व मूल्य आयोग करतो. तो 1965 मध्ये कृषी मूल्य आयोग म्हणून सुरू झाला. अंतिम मंजुरी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक समितीची. भाव साऱ्या देशाला एकच. खर्च मात्र राज्याराज्यात वेगळा, आणि आयोग त्याची भारित सरासरी धरतो. महाराष्ट्रात कापसाचं एकरी उत्पादन गुजरातपेक्षा कमी पडतं, त्यामुळे क्विंटलमागचा खर्च वाढतो. सीमेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या शेतकऱ्याला कागदावर हमीभाव सारखाच, पण हातात उरतं ते सारखं नाही.

हा खर्च येतो कुठून? निवडलेल्या गावांतल्या शेतकऱ्यांच्या रोजच्या नोंदींतून. लहान-मोठ्या पाच गटांतून दोन-दोन, असे प्रत्येक ठिकाणी 10 शेतकरी घ्यायचे आणि क्षेत्र कर्मचाऱ्यानं बियाणं, खत, डिझेल, मजुरी लिहीत जायचं. महाराष्ट्रात हे काम राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ पाहतं, गुजरातेत जुनागढचं. केंद्राच्या कृषी खात्यासाठी अभ्यास करणारं कृषी-आर्थिक संशोधन केंद्र आणंदला लागूनच, वल्लभ विद्यानगरच्या सरदार पटेल विद्यापीठात आहे. सहलीतला अर्धा दिवस तिथं घालवता आला तर उत्तम. पत्र मात्र आधी पाठवावं लागेल.

जाताना दोन शब्द समजून घ्यावेत. 'ए-दोन अधिक घरची मजुरी' म्हणजे खिशातून गेलेला खर्च आणि घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत. 'सी-दोन' मध्ये त्यावर स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याज धरतात. 2018-19 च्या अर्थसंकल्पापासून सरकार म्हणतं ते 'दीडपट' पहिल्यावर आहे. शेतकरी संघटना मागतात ते दुसऱ्यावर. भांडण आहे ते इथं. व्यापाऱ्यानं दुकानाची जागा स्वतःची असली तरी तिचं भाडं मनात धरूनच नफा काढावा, हे कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. मग शेतकऱ्यानं का धरू नये?

सहलीला निघण्याआधी प्रत्येकानं घरच्या एका एकर कापसाचा हिशेब वहीत मांडून नेला, तर तिथल्या माणसांना विचारायला प्रश्न तयार असेल: आईनं निंदणीला घातलेले दिवस तुमच्या तक्त्यात कोणत्या रकान्यात जातात, आणि काय रोजानं?