प्रोटीन स्किमर आणि रेफ्युजियम

प्रोटीन स्किमर आणि रेफ्युजियम ही प्रवाळ असलेल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातील पाणी शुद्ध राखण्याची दोन साधने होत. पहिले साधन यांत्रिक असून ते हवेच्या बुडबुड्यांच्या साहाय्याने सेंद्रिय मळ फेसाच्या रूपाने पाण्याबाहेर काढते. दुसरे जैविक असून त्यात मुख्य टाकीला जोडलेल्या स्वतंत्र कप्प्यात शैवाल वाढवले जाते. दोहोंपैकी कोणते घ्यावे, हा प्रश्न नवख्या मत्स्यपालकापुढे हटकून येतो. मात्र ही साधने एकाच मळाच्या दोन निरनिराळ्या अवस्थांवर काम करतात. त्यामुळे त्यांना परस्परांचे पर्याय मानणे अर्धेच खरे आहे.

पार्श्वभूमी

प्रवाळभित्तींभोवतीच्या समुद्रजलात नायट्रेट आणि फॉस्फेट यांचे प्रमाण अत्यल्प असते. बंदिस्त टाकीत मात्र माशांना रोज खाद्य घातले जाते आणि उरलेले खाद्य व विष्ठा तेथेच राहते. हा मळ आरंभी प्रथिने, मेद इत्यादी सेंद्रिय रूपांत असतो. पुढे जिवाणू त्याचे विघटन करतात आणि अमोनिया, नायट्राइट व अखेर नायट्रेट तयार होते. फॉस्फेटही पाण्यात उतरते. फॉस्फेट वाढल्यास प्रवाळांच्या चुनखडी सांगाड्याची वाढ खुंटते. शिवाय नको असलेले शैवाल खडकांवर माजून प्रवाळांना झाकून टाकते.

प्रोटीन स्किमर

प्रथिनांसारख्या अनेक सेंद्रिय रेणूंचा एक भाग पाण्याकडे ओढला जातो, तर दुसरा पाण्यापासून दूर राहू पाहतो. असे रेणू हवा आणि पाणी यांच्या सीमेवर गोळा होतात. स्किमरच्या उभ्या नळकांड्यात अतिसूक्ष्म बुडबुडे सोडून ही सीमा शक्य तितकी वाढवली जाते. रेणू बुडबुड्यांना चिकटून वर चढतात आणि तपकिरी, दुर्गंधीयुक्त फेस वरच्या पेल्यात साठतो. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, म्हणून घरगुती गोड्या पाण्याच्या टाकीत हे यंत्र सहसा उपयोगी पडत नाही.

मळ कुजण्यापूर्वीच तो बाहेर जातो, हा स्किमरचा मोठा गुण. पाण्यात प्राणवायू मिसळतो, हा त्याचा दुसरा लाभ. तथापि त्याच्या शक्तीविषयी अतिशयोक्ती पुष्कळ होते. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांच्या मोजमापांत स्किमरने पाण्यातील एकूण सेंद्रिय कार्बनापैकी सुमारे 20 ते 35 टक्केच काढल्याचे आढळले. एकदा तयार झालेले नायट्रेट आणि विरघळलेले फॉस्फेट तर बुडबुड्यांना चिकटतच नाहीत.

रेफ्युजियम

रेफ्युजियम या लॅटिन शब्दाचा अर्थ आश्रयस्थान. कोपेपॉड, अ‍ॅम्फिपॉड यांसारखे चिमुकले संधिपाद प्राणी येथे माशांच्या तोंडी न पडता वाढतात आणि प्रवाहाबरोबर थोडेथोडे मुख्य टाकीत जाऊन जिवंत अन्न ठरतात. सोबत बहुधा कीटोमॉर्फा हे गुंतवळासारखे दिसणारे हिरवे शैवाल ठेवतात. वाढताना ते नायट्रेट आणि फॉस्फेट शोषून घेते, म्हणजे स्किमरच्या आवाक्याबाहेरचे काम करते. येथील दिवा मुख्य टाकीतील दिवे मालवल्यावर लावण्याची पद्धत आहे. त्यामुळे रात्री कार्बन डायऑक्साइड साठून पाण्याचा सामू घसरण्याला आळा बसतो.

वाढलेले शैवाल वेळोवेळी उपटून टाकणे ही या पद्धतीची खरी मेख होय. ते न काढल्यास दाट झालेल्या जुड्याच्या आतल्या भागात प्रकाश पोहोचत नाही, शैवाल कुजते आणि शोषलेले सर्व काही पाण्यात परत येते. कॉलर्पा या शैवालाचा धोका अधिक आहे. जननपेशी सोडताना ते एका रात्रीत पांढरे पडून विरघळते. त्याची दुसरी कहाणी टाकीबाहेरची आहे. कॉलर्पा टॅक्सिफोलिया ही जात 1984 साली मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालील समुद्रात आढळली आणि पुढे भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर दूरवर पसरली. ती 2000 साली कॅलिफोर्नियातही सापडली. तेथे दुसऱ्याच वर्षी कॉलर्पाच्या अनेक जाती बाळगण्यास व विकण्यास कायद्याने बंदी झाली. छाटलेले शैवाल समुद्रात, खाडीत वा गटारात टाकू नये, ते याचसाठी.

शैवालाद्वारे पाणी शुद्ध करण्याच्या विचाराला स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर अ‍ॅडी यांनी शास्त्रीय बैठक दिली. ऑस्ट्रेलियातील टाउन्सव्हिल येथे 1987 मध्ये उघडलेल्या भव्य प्रवाळ मत्स्यालयात आरंभी त्यांची पद्धत वापरली गेली. शैवालातून झिरपणाऱ्या द्रव्यांनी पाणी पिवळट होते, हा तिचा ज्ञात दोष. घरगुती टाकीत सक्रिय कोळशाने तो बराचसा दूर होतो.

निवड

मासे पुष्कळ, खाद्य भरपूर आणि अ‍ॅक्रोपोरासारखे नाजूक दगडी प्रवाळ, अशी योजना असल्यास स्किमर आधी घ्यावा लागतो. जिवंत खडक आणि जोरकस स्किमर यांवर आधारलेली बर्लिन पद्धत याच विचाराची आहे. याउलट मऊ प्रवाळ आणि मोजके मासे असलेली टाकी केवळ रेफ्युजियमवर चालू शकते. मँडरिन मासा पाळायचा असेल, तर रेफ्युजियम जवळजवळ अनिवार्य ठरते. हा मासा मुख्यतः कोपेपॉडांवर जगतो आणि कोरडे खाद्य सहसा स्वीकारत नाही. अगदी लहान टाकीत नियमित पाणी बदलले, तर दोहोंवाचून भागते.

दोन्ही साधने जोरात चालवून नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. अशा पाण्यात प्रवाळ फिके पडून उपाशी मरतात आणि डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जीवांचा चिकट, तपकिरी थर पसरतो. तेथे शैवालही वाढत नाही.

वीज गेल्यास स्किमर बंद पडतो आणि अंधारातील शैवाल उलट प्राणवायू वापरू लागते. जेथे वीज वारंवार जाते, तेथे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप या दोहोंच्या आधी घ्यावा.

भारतातील कायदेशीर स्थिती

भारतात सर्व दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किनाऱ्यावरील प्रवाळांनाही हे संरक्षण लागू आहे. ते समुद्रातून काढणे वा त्यांची विक्री करणे हा गुन्हा आहे.