वळूचा ताप उतरला, तरी बीज सुधारायला वेळ लागतो



गाय तीनदा फळवली आणि तिन्ही वेळा उलटली, की आपण तिला भाकड ठरवतो आणि बाजार दाखवतो. ज्या वळूकडे ती नेली, त्याला मध्यंतरी ताप येऊन गेला होता का, ही चौकशी मात्र कोणी करीत नाही. घरची चांगली दुधाची गाय विकण्यापूर्वी एवढे जरूर विचारावे.

वळूचे वृषण शरीराबाहेर लोंबते, त्याला कारण आहे. शुक्रजंतू तयार होण्यास अंगापेक्षा चार-पाच अंश थंडावा लागतो. लाळ-खुरकुतासारख्या रोगात ताप चढला की हा थंडावा जातो आणि वाढीला लागलेले शुक्रजंतू बिघडतात.

एक शुक्रजंतू घडायला वळूच्या अंगात सुमारे 61 दिवस लागतात. पुढे पक्व होऊन बाहेर पडेपर्यंत आणखी आठ ते अकरा दिवस जातात. म्हणून ताप उतरून वळू चारा खाऊ लागला, तरी बीज सुधारायला दोन-अडीच महिने लागतात. गाय दर 21 दिवसांनी माजावर येते. म्हणजे तिचे तीन माज याच काळात वाया जाऊ शकतात!

आता एक नवलाची गोष्ट ऐका. आपले कोण आणि परके कोण, हे शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा लहानपणीच शिकते. शुक्रजंतू तयार होतात ते वासरू वयात आल्यावर. त्यामुळे शरीराच्या राखणदारांना ते परकेच वाटतील. त्यांच्यापासून जपण्यासाठी वृषणात सर्टोली नावाच्या पेशींचे दाट कुंपण असते. वाढत्या शुक्रजंतूंना याच पेशी पोसतात.

1986 साली रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर या शास्त्रज्ञांनी अमेरिकेत रोगप्रतिकार पेशींमध्ये एक नियंत्रक प्रथिन शोधले. त्याचे नाव एनएफ-कप्पा-बी. पाटकरी दार उघडेल त्या चारीला पाणी जाते, तसे हे प्रथिन ज्या जनुकाला चालना देईल ते जनुक कामाला लागते. एरवी ते पेशीत निजलेले असते आणि रोगाची चाहूल लागली की जागे होते. 1998 साली उंदरांच्या वृषणात मात्र ते रोग नसतानाही जागे आढळले. सर्टोली पेशींत, तसेच शुक्रजंतू घडण्याच्या काही ठरावीक टप्प्यांत. रोगाशी लढणारा हा पाटकरी बीज घडवण्याच्या कामीही हजर असतो, असा याचा अर्थ. रोगप्रतिकार आणि प्रजनन यांचे नाते इतके जवळचे आहे.

मग आपण काय करावे?

1. वळूला ताप येऊन गेल्यास त्याला अडीच महिने विश्रांती द्यावी. पुन्हा वापरण्यापूर्वी पशुवैद्यकाकडून वीर्य तपासून घ्यावे.

2. उन्हाळ्यात वळूला सावली आणि गार पाणी द्यावे. भर दुपारी गाय फळवू नये.

3. सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेला, या रोगाने वळूचे वृषण सुजते व तो निकामी होऊ शकतो. गावच्या वळूचे रक्त तपासून घ्यावे. याची लस चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांनाच द्यावयाची; वळूला देऊ नये.

4. गाभडलेल्या गाईचा वार उघड्या हाताने उचलू नये. हा रोग माणसालाही होतो.

5. जवळ कृत्रिम रेतनाची सोय असेल, तर तपासलेल्या वळूचे बीज वापरावे.

जाता जाता घरातलीही एक गोष्ट सांगतो. पुरुषाचे शुक्रजंतू घडायला सुमारे 74 दिवस लागतात आणि मोठ्या तापाने त्यांचीही संख्या घटते. मूल होत नाही म्हणून एकट्या सुनेला दवाखान्यात पाठवू नका. मुलालाही बरोबर पाठवा आणि त्याचीही तपासणी करून घ्या. गाईच्या बाबतीत काय, की माणसाच्या बाबतीत काय, दोष ठरवण्याआधी दोन्ही बाजू पाहाव्यात.